मारिका : समुद्राच्या पोटातून पैसा आलेले गाव

सायंकाळची जपमाळ संपवून मंडळी आपापल्या घरी गेली होती. चर्चच्या पायऱ्यांपाशी एक वृद्ध शेतकरी मात्र टोपी हातात धरून घुटमळत उभे होते. नव्या रस्त्यासाठी त्यांची दीड एकर जमीन गेली होती आणि तिचा मोबदला बँकेत जमा झाला होता. एवढा आकडा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"फादर, पैसा आला, पण झोप गेली," ते म्हणाले. "थोरला म्हणतो, दुमजली घर बांधू. धाकटा म्हणतो, मोटार घेऊ. जावई म्हणतात, शहरात गाळा घ्या. जमीन होती तेव्हा एवढे सल्लागार नव्हते. तुम्हीच सांगा, काय करावे?"

त्या दिवशी मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. "घाई करू नका, देवाजवळ शहाणपण मागा," एवढेच बोललो. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर एका दूरच्या गावाची आठवण झाली. या गावाविषयी मी गेले काही महिने मिळेल ते वाचीत आलो आहे. त्या गावावरही असाच, न मागता, न पेरता, पैशाचा पाऊस पडला. त्याने त्या पैशाचे काय केले, हे आपल्या शेतकरी कुटुंबांना सांगण्याजोगे आहे असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

वाचकहो, मुलांच्या शाळेतील नकाशाचे पुस्तक उघडा आणि दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देश काढा. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर रिओ दि जानेरो हे महानगर आहे. डोंगरमाथ्यावर हात पसरून उभ्या असलेल्या ख्रिस्ताच्या भव्य पुतळ्याचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. तेच हे शहर. शहरापुढे ग्वानाबारा नावाचे विशाल आखात आहे. आखाताच्या पलीकडच्या तीरावर नितेरॉय हे दुसरे शहर. तेथून पूर्वेला, खुल्या अटलांटिक महासागराच्या काठाने जात राहिले की रिओपासून सुमारे साठ किलोमीटरांवर मारिका लागते. हा एक नगरपालिकेचा मुलूख आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याएवढे. मारिका, पोंता नेग्रा, इनोआ आणि इताइपुआसू असे त्याचे चार विभाग आहेत.

मारिका हे नाव ऐकून पवित्र मरियेचे स्मरण व्हावे हे साहजिक आहे. परंतु शब्द तुपी या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे आणि त्याच नावाचे एक काटेरी झाड तेथे उगवते. तुपी भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून एक झाड गोव्याला आणले. तुपी लोक त्याला 'अकाजू' म्हणत. गोव्याच्या डोंगरांवर आणि खानापूर-चंदगडच्या माळांवर आपण आज ज्या बिया गोळा करतो, त्या काजूचे नाव त्या किनाऱ्यावरून आलेले आहे.

मारिकाच्या भूमीची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची कथा तिच्यावरच उभी आहे. पाठीशी रानाने झाकलेले काळ्या दगडाचे डोंगर, समोर महासागर, आणि दोहोंमध्ये खाऱ्या-गोड्या पाण्याच्या तळ्यांची एक माळ. मारिका, बार्रा, पाद्री आणि गुआरापिना ही त्या तळ्यांची नावे. होय, एका तळ्याचे नाव खरोखरच 'पाद्री' आहे. पोर्तुगीजांनी तो शब्द त्यांनाही दिला आणि आपल्यालाही. तळी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा एक लांबच लांब बांध आहे. तो कोणी बांधलेला नाही, लाटांनीच घातलेला आहे. त्या वाळूवर खुरटी झुडपे, निवडुंग आणि रानफुले यांचे एक वेगळेच रान वाढते.

या तळ्याच्या काठी १५८४ साली एक येशूसंघीय धर्मगुरू आले होते, असे परंपरा सांगते. त्यांचे नाव जोझे दि आंशिएता. १५३४ साली स्पेनच्या ताब्यातील तेनेरिफे बेटावर ते जन्मले, १५५३ साली ब्राझीलला आले आणि जन्मभर तेथेच राहिले. अरासातिबा येथे तळ्यात जाळी टाकण्यापूर्वीच जाळ्यात कोणती मासळी येईल हे त्यांनी कोळ्यांना सांगितले आणि जाळी तशीच भरून आली, अशी कथा तेथे आजही सांगतात. पोप फ्रान्सिस यांनी ३ एप्रिल २०१४ रोजी त्यांना संतपद दिले. फादर आंशिएता यांचे आणखी एक काम असे, की ते ऐकून आपल्याला आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण व्हावी. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आपली भाषा शिकले, १६१६ साली त्यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली त्यांचे कोकणीचे व्याकरण छापले गेले. त्याच काळात समुद्राच्या पलीकडे फादर आंशिएता तुपी भाषा शिकत होते. त्यांचे तुपी व्याकरण १५९५ साली पोर्तुगालात कोइंब्रा येथे छापले गेले. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नसेल. पण परक्या माणसाच्या घरात शिरण्यापूर्वी त्याची भाषा शिकावी हा सौजन्याचा नियम दोघांनीही पाळला.

मारिकाच्या चौकात आश्रयमातेचे चर्च उभे आहे. त्याचे बांधकाम १७८८ साली सुरू होऊन १८०२ साली पुरे झाले. १५ ऑगस्ट हा तिचा सण, आणि त्या दिवशी सारे गाव सुटी पाळते. २६ मे १८१४ रोजी या वस्तीला गावाचा अधिकृत दर्जा मिळाला.

परंतु त्या काळच्या सुबत्तेखाली एक काळा डाग होता, तो लपवून चालणार नाही. ऊस काय, कॉफी काय, सारी शेती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत असे. एप्रिल १८३२ मध्ये चार्ल्स डार्विन हा तेवीस वर्षांचा इंग्रज तरुण घोड्यावरून या वाटेने गेला. पुढे शास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेला हाच तो. इताओकाया येथील एका प्रचंड खडकाखालून जाताना त्याला एक हकीकत कळली. मालकाच्या जाचातून पळालेले काही गुलाम त्या खडकाच्या माथ्याजवळ थोडी जमीन कसून लपून राहत होते. शिपायांनी त्यांना शोधून काढले आणि सारे पकडले. एक म्हातारी मात्र पुन्हा गुलामीत जाण्याऐवजी कड्यावरून खाली झेपावली आणि तिचा चुराडा झाला. लोक तिला हट्टी म्हणून नावे ठेवीत होते. डार्विनला ते रुचले नाही. उच्चकुलीन स्त्रीने असे केले असते तर जगाने तिचे गोडवे गायले असते, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. तिचा न्याय परमेश्वराकडे आहे, आणि तिला त्या कड्यापर्यंत नेणाऱ्यांचा न्यायही त्याच्याचकडे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी.

आता त्या वाळूच्या बांधाकडे वळू. तळ्याकाठी झाकारियास नावाची कोळ्यांची जुनी वस्ती आहे. या कोळ्यांजवळ बापजाद्यांकडून आलेले एक ज्ञान होते. पावसाने तळी तुडुंब भरली की योग्य वेळ पाहून सारे मिळून वाळूच्या बांधात हातांनी चर खणीत. तळ्याचे पाणी समुद्राकडे धावे. मग भरतीबरोबर समुद्राचे पाणी आणि माशांची पिले आत येत. काही दिवसांनी लाटाच पुन्हा वाळू लोटून तोंड बंद करीत आणि आत आलेली पिले तळ्यात सुखाने वाढत. केव्हा उघडायचे आणि केव्हा थांबायचे हे ठरविणे हीच खरी विद्या. गोव्यातील खाजण शेतात मानस सांभाळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९५१ साली सरकारी खात्याने पोंता नेग्रा येथे एक कायमचा कालवा खोदला. दलदल आटवावी, जमीन कोरडी करावी, असा त्यामागचा विचार होता. कालवा झाला आणि तळ्याचे पाणी बारमाही वाहून जाऊ लागले. पातळी उतरली, काठ सुकले, मासळी घटली. जे तळे शेकडो वर्षे पिढ्यान्‌पिढ्या पोसत आले, ते एका खोदकामाने दुबळे झाले. कोरड्या झालेल्या जमिनीवर मात्र दुसरेच पीक उगवू लागले, ते म्हणजे भूखंडांचे. जुन्या जमीनदारांच्या वाड्या आणि बागा तोडून चौकोनी तुकडे पाडले गेले आणि शहरी लोकांना विकले गेले.

या भागातून पूर्वी एक लहान आगगाडी धावे. तिच्यातून मासळी आणि फळे नितेरॉयच्या बाजारी जात. १९६० नंतरच्या दशकात ती बंद पडली. मग ४ मार्च १९७४ रोजी रिओ आणि नितेरॉय यांना जोडणारा तेरा किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला. त्यापूर्वी आखात ओलांडायचे तर होडीने जावे लागे, किंवा सारे आखात वळसा घालून यावे लागे. पुलामुळे मारिका शहराच्या दाराशी येऊन ठेपले. प्रथम आले ते सुटीपुरते येणारे लोक. शनिवारी यायचे, समुद्रस्नान करायचे, रविवारी संध्याकाळी कुलूप लावून परत जायचे. पुढे शहरात घरभाडे परवडेना, गोळीबार आणि चोऱ्या यांची भीती वाटू लागली, तेव्हा कित्येकांनी ते कुलूप कायमचे काढले आणि सुटीचे घर राहते घर केले.

जनगणनेचे आकडे पाहा. १९९१ साली मारिकाची वस्ती ४६,५४५ होती. २००० साली ती ७६,७३७ झाली, २०१० साली १,२७,४६१ आणि २०२२ साली १,९७,२७७. एकतीस वर्षांत चौपटीहून अधिक! २०१० ते २०२२ या बारा वर्षांत रिओ शहराची वस्ती घटली, नितेरॉयची घटली, शेजारच्या साओ गोन्सालोची तर सुमारे एक लाखाने घटली. मारिकाची मात्र सत्तर हजारांनी वाढली. महानगराचे केंद्र ओसरते आणि काठ भरतो, असा प्रकार जगात पुष्कळ ठिकाणी दिसतो. आपल्याकडेही शहरालगतच्या गावांत राहणाऱ्यांना तो डोळ्यांपुढे दिसत असेल.

परंतु मारिकाच्या वाढीमागे केवळ पूल नाही. तेथे तेल आहे. गावात नव्हे, किनाऱ्यावरही नव्हे. २००६ साली खुल्या महासागरात, किनाऱ्यापासून अडीचशे-तीनशे किलोमीटर अंतरावर, तुपी नावाच्या क्षेत्रात खनिज तेलाचा प्रचंड साठा सापडला. तेथे समुद्रच सुमारे दोन किलोमीटर खोल. तळाखाली खडक, त्याखाली जाडच जाड मिठाचा थर, आणि त्या मिठाखाली तेल. २०१० साली तेथून व्यापारी प्रमाणावर तेल निघू लागले. ब्राझीलच्या कायद्याप्रमाणे तेल काढणाऱ्या कंपनीला उत्पन्नाचा काही भाग सरकारकडे भरावा लागतो, आणि त्यातील एक हिस्सा त्या क्षेत्रासमोरच्या किनाऱ्यावरील नगरपालिकांना मिळतो. कोणती नगरपालिका 'समोर' आहे हे नकाशावर समुद्रात रेषा ओढून ठरवितात. त्या रेषा मारिकाच्या बाजूने पडल्या! तेलाचा एक थेंबही न पाहता हे गाव पाहता पाहता देशात सर्वांत जास्त तेल-हिस्सा मिळविणाऱ्या नगरपालिकांमध्ये जाऊन बसले.

येथेच माझ्या त्या वृद्ध शेतकऱ्याचा प्रश्न एका संपूर्ण गावापुढे उभा राहिला. पैसा आला, आता काय करावे?

मारिकाने जे केले त्यातील सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे त्याने स्वतःचे चलन काढले. गावातून वाहणाऱ्या एका नदीच्या नावावरून त्याला 'मुंबुका' असे नाव दिले. कल्पना मात्र दुसरीकडून आली होती, आणि तिचे मूळ आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातले आहे. ब्राझीलच्या ईशान्येला फोर्तालेझा शहर आहे. १९७३ साली तेथील समुद्रकाठच्या गरीब कोळी कुटुंबांना उठवून दूर दलदलीत नेऊन सोडण्यात आले. तीच पाल्मेइरास नावाची वस्ती. त्या काळी तेथील महागुरू कार्डिनल आलोइसियो लॉर्शायडर यांची अशी इच्छा होती की सेमिनरीतील तरुणांनी अशा वस्त्यांत जाऊन राहावे. १९८४ साली जोआकिम मेलो नावाचा एक तरुण तसा तेथे गेला. पुढे त्याने सेमिनरीची वाट सोडली, पण ती वस्ती सोडली नाही. लोकांनी मिळून गटारे खणली, रस्ते केले. तरी दारिद्र्य जाईना. तेव्हा त्यांनी घरोघर फिरून हिशेब घेतला की पैसा येतो किती आणि जातो कोठे. असे दिसून आले की वस्तीत पैसा येतच नाही असे नाही. येतो, पण बहुतेक सारा बाहेरच्या दुकानांत जाऊन खर्च होतो. भोक पडलेल्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरणार कशी? म्हणून १९९८ साली त्यांनी पाल्मास बँक काढली आणि पुढे वस्तीपुरतेच चालणारे चलन सुरू केले. त्यानंतर ब्राझीलमध्ये अशा शंभराहून अधिक लोकबँका उभ्या राहिल्या.

मारिकाने २०१३ सालच्या डिसेंबरात हीच युक्ती उचलली, फरक एवढाच की मागे तेलाचा पैसा होता. एक मुंबुका म्हणजे एक रेआल. रेआल हे ब्राझीलचे राष्ट्रीय चलन. प्रारंभी गरीब कुटुंबांना थोडी रक्कम मिळे. २०१९ च्या डिसेंबरापासून योजना वाढविली. तीन वर्षे गावात राहिलेल्या, ठराविक मर्यादेच्या आत मिळकत असलेल्या सुमारे ४२,००० लोकांना प्रत्येकी महिना १३० मुंबुका मिळू लागल्या. त्या वेळच्या भावाने हे आपले सव्वादोन हजार रुपये होतात. रक्कम घरटी नव्हे, माणशी मिळे. म्हणजे आईलाही आणि मुलालाही. एप्रिल २०२० मध्ये महामारीत हातावर पोट असलेल्यांची कामे थांबली तेव्हा ती ३०० करण्यात आली.

हे चलन कागदी नोटांचे नाही. ते कार्डाने किंवा मोबाइलने चालते, आणि गावाबाहेर चालत नाही. समजा, एका आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ आणि काळ्या घेवड्याचे दाणे घेतले. दुकानदाराच्या खात्यात मुंबुका जमा झाल्या. तो त्यांतून शेजारच्या न्हाव्याकडे दाढी करतो, न्हावी औषधाच्या दुकानात जातो. ज्या व्यापाऱ्याला बाहेरून माल आणायचा आहे तो बँकेत जाऊन मुंबुका देऊन रेआल घेतो. व्यवहारावर व्यापाऱ्याकडून थोडीशी वर्तणावळ घेतली जाते आणि त्यातून लहान धंदेवाल्यांना बिनव्याजी कर्जे मिळतात. एकच पैसा गावातून निघून जाण्यापूर्वी चार-पाच घरांत दिवा लावून जातो.

दुसरी गोष्ट बसगाड्यांची. २०१४ च्या डिसेंबरात नगरपालिकेने स्वतःच्या लाल बसगाड्या रस्त्यावर आणल्या आणि तिकीट ठेवलेच नाही. खासगी बसवाल्यांनी न्यायालयात धाव घेतली, बराच झगडा झाला. पण लाल गाड्या टिकल्या आणि पुढे गावभर पसरल्या. डोंगराकडच्या वाडीतील मुलगी शाळेला जाताना आईकडे भाड्याचे पैसे मागत नाही, ही साधी गोष्ट नव्हे. २०२० साली, महामारी सुरू असताना, नगरपालिकेने मोठे रुग्णालयही उघडले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. २०१७ साली त्यांनी कायदा करून एक राखीव निधी स्थापन केला. तेलाच्या उत्पन्नातील काही भाग दरमहा त्यात टाकायचा, आणि तेल संपल्यावर किंवा भाव कोसळल्यावर त्याच्या व्याजावर गावाची कामे चालवायची. काही वर्षांतच या निधीने एक अब्ज रेआलांचा टप्पा ओलांडला. नातवंडांसाठी वेगळी केलेली ही कणगी आहे.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मारिका म्हणजे पृथ्वीवरचा स्वर्ग. तसे समजू नये. वस्ती ज्या वेगाने आली त्या वेगाने मोऱ्या आणि नळ आले नाहीत. कित्येक घरे वर्षानुवर्षे विहिरीच्या पाण्यावर राहिली, आणि सांडपाण्याची व्यवस्था नसल्याने मैला झिरपत तळ्यांत गेला. ज्या तळ्यात आंशिएतांच्या वेळी जाळी भरून येत त्यात मासे मरून वर आल्याच्या बातम्या येत राहिल्या. इताइपुआसूच्या कित्येक गल्ल्या पावसात चिखल आणि उन्हात धूळ अशा अवस्थेत दीर्घकाळ होत्या. जमिनीचे भाव चढले की ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे घर आणखी दूर जाते, हा अनुभव तेथेही आला.

वाळूच्या बांधावर एक भव्य पर्यटनवसाहत उभारण्याची योजना पुढे आली. तो बांध १९८४ पासून संरक्षित प्रदेश आहे आणि झाकारियासचे कोळी तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यावरून न्यायालयात वर्षानुवर्षे भांडण चालले. आणखी एक गोष्ट ऐकून मनाला विचित्र समाधान वाटते. गावांची नावे तुपींची राहिली आणि माणसे मात्र नाहीशी झाली होती. पण २०१३ साली त्यांच्याच भाषाकुळातील ग्वारानी आदिवासींची काही कुटुंबे नितेरॉयच्या किनाऱ्यावरून निघून मारिकाच्या हद्दीत राहायला आली. त्यांची गवताने शाकारलेली घरे आता तेथे आहेत.

आणि सर्वांत मोठी चिंता ती तेलाची. त्याच राज्यात उत्तरेला कांपोस नावाचे शहर आहे. त्याच्यासमोरच्या समुद्रातील तेल आधीच्या पिढीत सापडले. तेथेही पैशाचा पूर आला. नंतर जुन्या विहिरी मंदावल्या, २०१४ नंतर जगात तेलाचा भाव कोसळला आणि नगरपालिकेला पुढच्या वर्षांच्या उत्पन्नावर कर्ज काढण्याची वेळ आली. उभ्या पिकावर सावकाराकडून उचल घेणाऱ्या कुळाला ही अवस्था समजावून सांगायला नको. मारिकाच्या डोक्यावर आणखी एक तलवार टांगली गेली. २०१२ साली ब्राझीलच्या संसदेने कायदा केला की तेलाचा हिस्सा किनाऱ्यावरच्या गावांनाच का, साऱ्या देशातील राज्यांना आणि नगरपालिकांना वाटावा. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी त्याला स्थगिती दिली. खरे सांगायचे तर आत दूरवर, दुष्काळात राहणारा गरीब जर विचारील की समुद्र काय फक्त मारिकाचा आहे, तर त्याचे तोंड बंद करणे मला जड जाईल.

तरीही मारिकापासून घेण्याजोगे पुष्कळ आहे. त्या गावाला दोन धने लाभली. पहिले तळे. ते दरवर्षी पुन्हा भरे. त्याला हवे होते फक्त केव्हा उघडावे आणि केव्हा थांबावे हे जाणणारे हात. ते धन घाईने गमावले गेले. दुसरे तेल. ते एकदाच येते आणि गेले की गेले. त्याच्या बाबतीत मात्र गावाने काही अंशी कोळ्यांचीच जुनी विद्या वापरली आहे. थोडे सोडायचे, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांतून फिरू द्यायचे आणि थोडे अडवून ठेवायचे. ही विद्या शेवटपर्यंत टिकेल काय, तळी पुन्हा स्वच्छ होतील काय, हे पुढची पिढी पाहील. पैसा दारात येणे ही परीक्षेची सुरुवात असते, एवढे मात्र मारिकाने मला शिकविले.

पुढच्या आठवड्यात ते वृद्ध शेतकरी पुन्हा भेटले तेव्हा ही सारी हकीकत मी त्यांना सांगितली. चर्चच्या पायरीवर बसून त्यांनी ती शांतपणे ऐकली. जरा वेळाने म्हणाले, "म्हणजे फादर, बांध एकदम फोडू नये, असेच ना?"

"असेच," मी म्हणालो.

त्यांनी निम्मी रक्कम दीर्घ मुदतीच्या ठेवीत टाकली आणि तिच्यात मुलांबरोबर मुलीचेही नाव घातले. उरलेल्या जमिनीत विहीर खणायला घेतली. गवंडी गावचा, मजूर गावचे, दगडही गावच्याच खाणीतला. बांधावर काजूची रोपे लावली. दुमजली घराचा विचार तूर्त मागे पडला. धाकट्याला मात्र एक मोटारसायकल घेऊन द्यावीच लागली. गेल्या रविवारी मिस्सानंतर ते हसत सांगत होते की विहिरीला पंचवीस फुटांवर पाणी लागले.